सामायिक संगणक आणि ज्याची त्याची पेटी

बडोद्यातील जुन्या मराठी घरांत घर सामायिक असे, चूल सामायिक असे, विहीर आणि देवघरही सामायिकच असे. पण ट्रंक मात्र ज्याची त्याची असे. दांडिया बाजारातील किंवा रावपुऱ्यातील वाड्यांच्या माळ्यावर या पत्र्याच्या ट्रंका एकीवर एक रचून ठेवलेल्या असत. प्रत्येकीला निराळे कुलूप. किल्ली पुरुषांच्या जानव्याला नाहीतर बायकांच्या कमरेला. आत काही फार मोठे घबाड असे अशातला भाग नाही. माहेरची चार पत्रे, एखादे ठेवणीतले लुगडे, हिशेबाची वही, गेलेल्या मुलाचे टोपडे. परंतु सासूने सुनेला 'ट्रंकेला कुलूप कशाला लावतेस?' असे विचारल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही. कुलूप म्हणजे घरच्यांवरचा अविश्वास नव्हे, ही गोष्ट त्या काळच्या, एरवी बऱ्याच बाबतींत करड्या असलेल्या, घरांना न शिकवताच ठाऊक होती.

संगणक घरात आला तो मात्र बैठकीच्या खोलीत आला, आणि रेडिओ व दूरदर्शन संचाप्रमाणे सर्वांचा होऊन आला. पुढे मोबाईल ज्याचा त्याचा झाला. संगणक तसाच सामायिक राहिला. आयकराचे विवरणपत्र, मुलांचे शाळेतले प्रकल्प, भाचीच्या लग्नाचे फोटो, आजोबांच्या शेअरांचे हिशेब, मुंजीच्या आमंत्रणांची यादी, सारे त्याच एका यंत्रात. बहुतेक घरांत आत शिरण्याचे दारही एकच असते: एकच नाव, एकच पासवर्ड, आणि तोही थोरल्या मुलाचे नाव व पुढे एक-दोन-तीन असा. काही घरांत तर तो कागदावर लिहून पडद्याच्या कडेलाच डकवलेला असतो.

या विषयाकडे वळण्याचे कारण म्हणजे आमच्याकडे आलेले एका भगिनीचे पत्र. नाव-गाव देत नाही; तशी त्यांची इच्छा आहे. त्यांच्या छातीत गाठ असल्याचा संशय आला आणि तपासणी झाली. पुढील तपासणीचा निकाल हाती येईपर्यंत घरात काही बोलायचे नाही, असे त्यांनी व त्यांच्या यजमानांनी ठरविले होते. सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास, आणि दिराकडे मुलीचे लग्न तोंडावर आलेले. पहिला अहवाल त्यांनी घरच्या संगणकावर उतरवून घेतला, कारण तो छापून डॉक्टरांकडे न्यायचा होता. पुतण्या परीक्षेचा अर्ज शोधावयास 'डाऊनलोड्स' नावाच्या फोल्डरमध्ये गेला आणि त्याने ती फाईल उघडली. संध्याकाळपर्यंत ती वार्ता सर्व घराला, आणि रात्री फोनवरून दोन नणंदांना कळली. पुढे निकाल निर्दोष निघाला, ही देवाची कृपा. पण त्या लिहितात: 'ती बातमी केव्हा सांगायची, कोणाला आधी सांगायची, कोणत्या शब्दांत सांगायची, हे ठरविण्याचा अधिकार माझा होता. तो गेला.' त्यानंतर त्यांनी संगणकावर आपल्यापुरता पासवर्ड घालण्याची गोष्ट काढली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, 'अगं, घरात चोर शिरलेत का? आमच्यापासून लपवायचे काय आहे?' आता भगिनींचे दोन प्रश्न आहेत. कुलूप कसे घालावे, आणि घरच्यांना कसे सांगावे?

सासूबाईंच्या प्रश्नाची थट्टा करण्याचे कारण नाही. ज्या घरांनी तंगीच्या दिवसांत एकाच पगारावर दहा माणसे जगवली, त्या घरांत 'आपापले' या शब्दाचाच धाक वाटतो. आपापले सुरू झाले की वेगळी चूल दिसू लागते. तरीपण लपविणे आणि झाकणे यांत फरक आहे. अंगावरचे वस्त्र कोणी लपविण्यासाठी नेसत नाही. आजाराचा कागद, राजीनाम्याचा मसुदा, माहेरी पाठविलेल्या पैशांची नोंद, अर्धीमुर्धी कविता, इच्छापत्राचा कच्चा खर्डा, या गोष्टी पापाच्या नव्हेत. त्या अजून सांगण्याच्या अवस्थेला आलेल्या नाहीत एवढेच.

शिवाय पासवर्ड ही वस्तू मुळात चोरांसाठी जन्मालाच आलेली नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली अशी व्यवस्था करून दाखविली की, एकच अवाढव्य संगणक अनेक माणसांना एकाच वेळी आपापल्या टंकयंत्रावरून वापरता यावा. यंत्र एक, माणसे अनेक, आणि प्रत्येकाच्या फाईली निराळ्या: म्हणजे आपले एकत्र कुटुंबच! तेव्हा ज्याची फाईल त्यालाच उघडावी म्हणून प्रत्येकाला एक गुप्त शब्द दिला गेला. संगणकावरील पासवर्डाचा उगम तो असा, सहकाऱ्यांच्या मेळ्यात. आणि गंमत अशी की, पुढच्याच वर्षी, १९६२ साली, त्याच संस्थेतील अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधक विद्यार्थ्याला आपल्या वाट्याचे यंत्राचे तास अपुरे पडू लागले. त्याने एका शुक्रवारी रात्री छिद्रित कार्डावर मागणी लिहून पासवर्डांची सबंध यादीच छापून मागविली, आणि शनिवारी पहाटे कपाटातून ती उचलून नेली! १९६६ साली तर चुकीने ती यादी प्रत्येक येणाऱ्याच्या समोर स्वागताच्या संदेशाच्या जागी छापली गेली. म्हणजे कुलूप आले त्याबरोबर किल्ली पळविणाराही आला. आणि तोही बाहेरचा नव्हे, घरातलाच.

आता प्रत्यक्ष उपायांकडे वळू. बहुतेक माणसे प्रथम जे करतात ते कुलूप नसून आडोसा असतो. फाईलला 'जुनी वीजबिले' असे नाव देणे, फोल्डरच्या पोटात फोल्डर अशी सात दारे करणे, किंवा फाईलवर 'हिडन' अशी खूण करणे. ही खूण म्हणजे केवळ पडदा आहे. 'व्ह्यू' या यादीत जाऊन 'हिडन आयटेम्स'वर टिचकी मारली की पडदा सरकतो. अलीकडे उघडलेल्या फाईलींची यादी तर संगणक न विचारताच समोर मांडतो. विंडोज ९५ आणि ९८ या जुन्या आवृत्त्यांत पासवर्डाची चौकट येई खरी, पण 'कॅन्सल' म्हटले की ती निमूटपणे बाजूला होई. त्या काळात संगणक घेतलेल्या आमच्या पिढीच्या मनात 'पासवर्ड म्हणजे नुसता देखावा' असा जो समज बसला आहे, त्याचे मूळ बहुधा तेथे असावे.

आजची स्थिती तशी नाही. खरे पहिले पाऊल म्हणजे घरातील प्रत्येक माणसाचे निराळे खाते. विंडोजमध्ये 'सेटिंग्ज', त्यात 'अकाउंट्स', त्यात 'अदर यूजर्स' येथे ते उघडता येते; मॅकमध्येही अशीच सोय आहे. त्यास पैसे पडत नाहीत आणि पाऊण तासात पाच जणांची व्यवस्था लागते. प्रत्येकाचा पडदा निराळा, अक्षरांचा आकार निराळा, फाईली निराळ्या. एकाने दुसऱ्याच्या फोल्डरवर टिचकी मारली तर संगणक 'परवानगी नाही' असे सांगतो. काम संपल्यावर उठताना विंडोजचे चिन्ह असलेली कळ आणि एल ही कळ एकत्र दाबावी. दार लोटले जाते. हे न करता चहा टाकायला उठल्यास वरचे सर्व व्यर्थ.

पण येथे एक मेख आहे, आणि आपल्याकडील घरांत ती हटकून आढळते. विकणारा दुकानदार पुष्कळदा संगणकाचे 'सी' आणि 'डी' असे दोन भाग करून देतो आणि 'तुमचे सामान डीमध्ये ठेवा' असे बजावतो. निराळ्या खात्याचे संरक्षण मिळते ते आपल्या नावाच्या फोल्डरमधील वस्तूंना: 'डॉक्युमेंट्स', 'पिक्चर्स', 'डाऊनलोड्स' वगैरे. 'डी'मध्ये ठेवलेल्या फाईली, मुद्दाम निराळी व्यवस्था केली नसेल तर, घरातील प्रत्येक खात्याला उघड्या असतात. डी म्हणजे ओसरी. लग्नाचे फोटो, पाककृती, आरत्यांचा संग्रह यांना ओसरी उत्तम, इच्छापत्राला नव्हे.

दुसरी मेख कारभाऱ्याची. खाती दोन जातींची असतात: साधी, आणि 'अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' म्हणजे कारभाऱ्याची. कारभारी मनात आणील तर इतरांच्या फोल्डरांत शिरू शकतो आणि या यंत्रापुरत्या काढलेल्या खात्यांचे पासवर्डही बदलू शकतो. घरोघरी हा अधिकार आपोआप त्या मुलाकडे जातो ज्याला 'संगणकातले कळते'. वरील पत्रातला पुतण्या नेमका तोच. आमचे मत असे की, कारभाऱ्याचे खाते निराळे ठेवावे, रोजच्या वापरात ते कोणीच उघडू नये, आणि त्याचा पासवर्ड लिफाफ्यात बंद करून घरातील वडीलधाऱ्या माणसाकडे द्यावा. कळणाऱ्या मुलाला साधे खाते पुरते. तो थोडा रुसेल, रुसू द्यावे.

एवढ्याने बहुतेक घरांचे काम भागते. मात्र खात्याची भिंत ही संगणक आपल्या नेहमीच्या पद्धतीने चालू असेपर्यंतचीच भिंत आहे. एखाद्या जाणत्याने पेन ड्राइव्हवरून निराळी लिनक्स प्रणाली चालू केली, किंवा आतली चकती काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, तर त्या भिंतीला कोणी विचारीत नाही. त्यावर उतारा म्हणजे मजकुराचेच कूटलेखन करणे, म्हणजे किल्लीवाचून तो निरर्थक अक्षरांचा ढीग दिसेल असे करणे. विंडोजच्या व्यावसायिक आवृत्तीत 'बिटलॉकर', काही घरगुती यंत्रांत 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' आणि मॅकमध्ये 'फाईलव्हॉल्ट' ही त्याचीच साधने. बिटलॉकरची अडीअडचणीची किल्ली ४८ अंकी असते. ती कोठे साठविली आहे हे आजच पाहून ठेवावे, कारण नेमकी अडचण आली की ती सापडत नाही. आणि हेही ध्यानी असावे की, संगणक चोरीला गेला तर ही साधने उपयोगी पडतात. संगणक चालू असताना घरच्याच कारभाऱ्यापुढे त्यांचा उपयोग नाही.

ज्याला घरातल्या घरात पक्की पेटी हवी, त्याने 'व्हेराक्रिप्ट' हा विनामूल्य कार्यक्रम पाहावा. तो संगणकात एक बंद पेटी करून देतो. पासवर्ड दिला की ती एखाद्या निराळ्या चकतीसारखी उघडते, बंद केली की कारभाऱ्यालाही आत काय आहे ते दिसत नाही. दोन-चार कागदांपुरते काम असेल तर 'सेव्हन-झिप' पुरे. मात्र त्यात 'फाईलींची नावेही झाका' अशा अर्थाची एक चौकट असते, ती टिचकावयास विसरू नये. नाहीतर मजकूर झाकलेला आणि 'बायॉप्सी' हे नाव उघडे, अशी अवस्था होते. पेटीत ठेवल्यावर बाहेरची मूळ प्रत पुसावी, 'रिसायकल बिन'मधूनही पुसावी. पुष्कळ लोक तिजोरीला कुलूप लावतात आणि दागिने बाहेर टेबलावर ठेवतात, तसे येथे घडते.

पासवर्ड असलेल्या पीडीएफ फाईलींविषयी दोन शब्द. आधार कार्डाची जी प्रत संगणकावर उतरविता येते तिला पासवर्ड असतो: नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्माचे वर्ष. अनेक संस्थांची पत्रके जन्मतारखेने उघडतात. परक्यापुढे ही योजना ठीक; पण घरात कोणाला कोणाचे नाव आणि जन्मसाल ठाऊक नसते? ज्या आत्याला तुमची जन्मवेळही तोंडपाठ आहे तिच्यापुढे हे कुलूप म्हणजे दोऱ्याची गाठ.

फाईलींपेक्षाही अधिक वाहते ते दुसऱ्याच वाटांनी. मोबाईलवरचे व्हॉट्सअ‍ॅप संगणकावर जोडून तसेच सोडले की पुढे बसणाऱ्याला सारे संभाषण वाचता येते. मोबाईलमधील 'लिंक्ड डिव्हाइसेस' या यादीत जाऊन अनोळखी किंवा जुनी जोडणी तोडावी. क्रोममध्ये प्रत्येकाचे निराळे चित्र व नाव ठेवता येते, पण ती केवळ सोय आहे, कुलूप नाही. कोणीही कोणाच्या चित्रावर टिचकी मारू शकतो. आणि सर्वांत दुर्लक्षित वाट दुरुस्तीच्या दुकानाची. हाँगकाँगमध्ये एका प्रख्यात नटाने आपला संगणक दुरुस्तीस दिला. आतील खाजगी छायाचित्रे तेथे काम करणाऱ्या तंत्रज्ञाने उतरवून घेतली आणि २००८ साली ती जगभर पसरली. तंत्रज्ञाला २००९ मध्ये शिक्षा झाली. पण ज्या स्त्रिया त्या छायाचित्रांत होत्या त्यांचे झाले ते झालेच. घरात आपण पुतण्यापासून झाकतो आणि चौकातल्या अनोळखी माणसाला पासवर्डासकट यंत्र देऊन येतो. दुरुस्तीला देताना खाजगी फाईली आधी काढून घ्याव्यात, आणि शक्य तर एक रिकामे खाते उघडून त्याचाच पासवर्ड द्यावा.

कायद्याचे म्हणाल, तर २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३व्या कलमात परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात शिरण्याबद्दल तरतूद आहे. परंतु यंत्रच सर्वांचे असेल तर परवानगी कोणाची, असा पेच उभा राहतो. २०२३ चा वैयक्तिक माहितीसंबंधीचा नवा कायदा तर, माणूस आपल्या घरगुती कारणासाठी जे करतो, त्याला लागूच होत नाही. म्हणजे कायदा उंबरठ्याशी थांबतो, आणि एका परीने ते बरेच आहे. पुतण्याला न्यायालयात खेचणारी काकू आम्हांला तरी पाहावयाची नाही. उंबरठ्याच्या आतला नियम घरानेच करावयाचा.

तो करताना कुलपाची दुसरी बाजूही विसरून चालणार नाही. बडोद्यातील कित्येक घरांत पणजोबांच्या वेळचे मोडी कागद आजही गाठोड्यात आहेत: दस्त, पत्रे, देण्याघेण्याच्या नोंदी. ज्यांनी लिहिले त्यांनी काही दडवून ठेवलेले नाही. तरी नातवंडांना ते बंद आहेत, कारण किल्ली, म्हणजे ती लिपी, हातातून गेली. निदान मोडी जाणणारे काही लोक अजून भेटतात, त्यांच्याकडे कागद नेता येतो. व्हेराक्रिप्टच्या पेटीचा पासवर्ड मालकाबरोबर गेला तर ती वाचून देणारा कोणी जाणकार नाही. विम्याचे कागद, ठेवींच्या नोंदी, मालमत्तेचे दस्त अशा पेटीत एकट्याच्या किल्लीने ठेवणे आम्हांला धोक्याचे वाटते. ज्याचा घराला उपयोग होणार आहे त्याची किल्ली लिफाफ्यात मोहोरबंद करून बँकेच्या लॉकरमध्ये किंवा कपाटाच्या चोरकप्प्यात असावी, आणि लिफाफा आहे एवढे दोघांना ठाऊक असावे. ज्याचा उपयोग फक्त आपल्याला, त्याची किल्ली आपल्याबरोबर गेली तरी चालेल. हे दोन ढीग निराळे करण्याचे काम कंटाळवाणे आहे आणि दुसरा कोणी ते आपल्यासाठी करू शकत नाही. ज्यांची पत्रे व छायाचित्रे गूगलच्या खात्यात आहेत त्यांना तेथे अशी सोय आहे की, खाते ठरावीक महिने वापरले गेले नाही तर निवडलेल्या माणसाला निवडलेलाच भाग मिळावा. 'इनअ‍ॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर' या नावाने ती शोधावी.

लहान मुलांच्या खात्यांबाबत आमचे मत थोडे निराळे आहे. दहा वर्षांच्या मुलाला खाते असावे, पण आई-वडिलांना ते पाहता यावे. आणि आपण पाहतो हे मुलाला सांगितलेले असावे. चोरून पाहणे मात्र सोळाव्या वर्षीही नको आणि सहाव्या वर्षीही नको.

राहिला भगिनींचा दुसरा प्रश्न, घरच्यांना सांगावे कसे. आमची सूचना अशी की, आपल्या खात्याची गोष्टच काढू नये. पहिले खाते सासूबाईंचे उघडावे. पडद्यावर त्यांच्या कुलदैवताचे चित्र, अक्षरे ठळक, नातवंडांचे फोटो, अभंग व कीर्तने एका ठिकाणी, आणि पासवर्ड त्यांनी स्वतः, कोणी पाहत नसताना, घातलेला. दुसरे सासऱ्यांचे, शेअरांच्या हिशेबासह. पाचवे किंवा सहावे आपले. सासूबाईंना आठवडाभरात आपली पेटी आवडू लागेल असा आमचा अंदाज आहे. त्यांच्याही मनात कोठेतरी अशी एखादी नोंद असेलच, जी त्यांनी आजवर कोणाला दाखविलेली नाही. पुतण्याला रागावण्यापेक्षा ही खाती त्याच्याच हातून उघडवून घ्यावीत, म्हणजे काम करणाऱ्यालाच कोणते दार कोणाचे ते नीट कळेल. आणि काम झाल्यावर प्रत्येकाने आपला पासवर्ड बदलावा.

जाता जाता इंदूरच्या एका सद्गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर. विंडोज १० या आवृत्तीची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, म्हणून त्यांना जुना संगणक मोडीत काढावयाचा आहे. फाईली नुसत्या पुसून यंत्र भंगारवाल्याला देऊ नये. पुसलेले परत मिळविता येते. 'सेटिंग्ज'मध्ये 'रीसेट धिस पीसी' येथे सर्व काही काढून टाकण्याचा पर्याय निवडावा, आणि त्यातच चकती साफ करण्याचा जो जादा पर्याय असतो तोही चालू करावा. त्यास कित्येक तास लागू शकतात. रात्री लावून ठेवावे. यंत्र चालूच होत नसेल तर चकती काढून घेऊन घरीच ठेवावी, आणि उरलेला सांगाडा द्यावा.